निकम सरांचा प्रेसिडेंट

दुसऱ्यांचे थिसिस टाईप करणाऱ्याला डिग्री मिळत नाही, किस्से मात्र ढीगभर मिळतात! जळगावात माझं टायपिंगचं दुकान आहे. शेजारच्या टेबलावर सलीमभाई बायंडिंग करतात. आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या निकम सरांचे. सर शिरपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. पीएचडीला विषय घेतला होता दक्षिण अमेरिकेतला एक राष्ट्राध्यक्ष, तोही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा! त्याचं नाव आमच्या जिभेला वळेना, म्हणून आम्ही त्याला नुसतं ‘प्रेसिडेंट’ म्हणायचो.

*

गाइडनी पहिल्याच भेटीत सरांना झापलं, “खान्देशात बसून दक्षिण अमेरिका? इथला एखादा विषय घ्या की!”

सर म्हणाले, “इथल्या विषयात सगळे ओळखीचे निघतात. खरं लिहिता येत नाही!”

*

प्रेसिडेंट मोच्याचा मुलगा. वकील झाला, खाणकामगारांच्या केसेस फुकट लढला आणि त्यांच्याच मतांवर निवडून आला. मी टाईप करता करता हे सगळं सलीमभाईंना सांगायचो. निवडणुकीच्या चॅप्टरला त्यांनी स्वतः उठून चहा सांगितला.

“आपला माणूस आला!”

*

पुढच्याच चॅप्टरमध्ये त्याच कामगारांनी संप केला आणि प्रेसिडेंटने गोळीबाराचा हुकूम दिला. वाचून झाल्यावर मी ते पान उलटं ठेवलं. सलीमभाईंचे वडील धुळ्याला गिरणीत होते. संपातल्या लाठीमारात त्यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला होता.

सर आले तेव्हा सलीमभाईंनी विचारलं, “असं कसं केलं त्याने?”

“दोन वर्षं शोधतोय, सलीमभाई. कागद सापडतात, कारण सापडत नाही.”

त्या दिवशी चहा कोणीच सांगितला नाही.

*

मग सरांना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये आवाज गेला. कॉलेजच्या निरोप समारंभात कोणीतरी सवयीने म्हणालं, “सर, दोन शब्द बोला!” आणि हातात माईकही दिला! सरांनी माईकवर एक टिचकी मारली आणि ते खाली बसले.

नंतर दुकानात त्यांनी मला मोबाईलवर लिहून दाखवलं, “माझं सगळ्यात छोटं लेक्चर!”

मला हसता आलं नाही.

*

शेवटी लष्कराने प्रेसिडेंटला खुर्चीवरून ओढलं आणि बोटीत बसवून देशाबाहेर काढलं. इथवर लिहून झालं, आणि सर गेले.

महिन्याभराने त्यांच्या पत्नी, अक्का, वही घेऊन आल्या. घरात ठेवायला एक प्रत हवी होती. वहीतल्या सरांच्या टिपणांत शेवट होता. प्रेसिडेंट परक्या गावात, लॉजच्या खोलीत एकटाच मेला. दोन दिवस कोणाला कळलंसुद्धा नाही.

मी म्हणालो, “अक्का, शेवटच्या दोन ओळी मी टाकतो. म्हणजे पुस्तक पूर्ण होईल.”

अक्कांनी अहिराणीत विचारलं, “आते तो कोठे शे?”

“बोटीवर.”

“जित्ता शे ना?”

“हो.”

“मंग तठेच ऱ्हाऊ दे, भाऊ.”