जैतूनआपा आणि तेलाचा ट्रान्सफॉर्मर

जैतूनआपांना दिलेला पहिला चहा त्या कधी पीत नसत. आमच्या वडशाच्या राइस मिलमधली ट्रान्सफॉर्मरची खोली पाहायला आल्या, तेव्हा भरला कप त्यांनी आत जमिनीवर ठेवला, दार ओढून घेतलं आणि बाहेर माझ्या बायकोशी लेकीसुनांच्या गप्पा मारत बसल्या. बऱ्याच वेळाने तो कप आणून माझ्यापुढे धरला. चहावर कोंड्याची साय आली होती. "पाहा भाऊ, तुमची खोली रोज हे खाऊन राह्यली." मग दुसरा चहा मागून घेतला आणि बशीत ओतून चवीने प्यायल्या.

ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं दुकान त्यांना वडिलांकडून मिळालेलं. अंगाने ठेंगण्या, जिभेने फटकळ. कोणतं मशीन चांगलं असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "मशीन सारेच चांगले. ठेवता कुठी, ते बोला."

मला मिलच्या वरच्या मजल्यावर बायकांचा शिवणवर्ग काढायचा होता. बरोबर खालच्या खोलीत तेलाचा जुना ट्रान्सफॉर्मर होता, आपांच्या अब्बांनी स्वतः बांधलेला. त्यांच्या हातचा तेवढाच एक चालू राहिला होता. लेक बापाच्या कामाला नाही म्हणायची नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

टाकीवर हात ठेवून आपांनी वर छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "याले इथून हलवा."

"काऊन आपा? चांगला तर चालून राह्यला."

"अब्बानं बांधला तवा वर नुसते छपराचे कवेलू होते. आता माणसं बसतीन. तेल पेटलं तर बाया उतरतीन कुठून? घरात तेल भज्यापुरतंच बरं, भाऊ."

मग बिनतेलाचा, कोरडा ट्रान्सफॉर्मर घ्यायचं ठरलं. त्यातही तारांची वेटोळी उघडी असलेला त्यांनी नको म्हटला. कोंडा आत बसला की तो तापणार. वेटोळी रेझिनमध्ये ओतून बंद केलेलाच निवडला आणि हवा खेळायला खोलीला मोठ्या खिडक्या पाडायला लावल्या. नवा ट्रान्सफॉर्मर सुरू झाला तो जुन्यापेक्षा मोठ्याने घुमू लागला. वर्गाच्या बाया जिन्यातच थबकल्या. "गुरगुरते, चावत नाई," म्हणत आपा सगळ्यांच्या पुढे वर गेल्या आणि पहिल्या शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. चार मशिनी खडखडू लागल्यावर खालच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

आमच्या बाजारगल्लीत मोकळी जागा नव्हती. म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर चामोर्शीला माझ्या मामेभावाच्या मिलमागच्या आवारात नेला. आपांनी तेल गाळून भरलं, गळती तपासली, ओटा आणि कुंपण करून घेतलं. तो सुरू झाला. समोर शेतातल्या धानाच्या बांध्या, वर उघडं आभाळ. मला मात्र वाईट वाटत होतं. अब्बांची शेवटची खूण आपण घराबाहेर काढली, असं मी बोलूनही गेलो.

आपा कुंपणापाशी उभ्या होत्या. डोळे ओले होते, पण हसत होत्या.

"अब्बाले बंद खोली कधी मानवली नाई, भाऊ. घरात पलंग होता, तरी खाट अंगणातच टाकत. आता बसले पाहा हवेशीर."