माझा होयबा क्लास

प्रताप नगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रोबेशनवर होतो. घरातला पहिला पदवीधर. आई रोज फोनवर विचारायची, "झाली का रे बाबू नोकरी पक्की?" महिनाअखेरीस ते ठरायचं होतं.

तेवढ्यात मला डेलिगेट गुंडाळणारा क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला एक साचा, लिहायला मिळाला. डेलिगेट म्हणजे एखादं काम बांधून ठेवायचं आणि वेळ आली की चालवायचं. कामं दोन तऱ्हांची. 'साठा मोज' म्हटलं की आकडा परत येतो. 'चलान छाप' म्हटलं की नुसतं छापायचं, परत काही येत नाही. म्हणून क्लासही दोन हवेत. मी एकातच भागवलं. काही परत न देणाऱ्या कामाच्या शेवटी माझा क्लास आपणच 'ट्रू', म्हणजे 'हो, झालं', म्हणायचा, मध्ये चूक झाली तर ती गिळून. वर कमेंटमध्ये मी 'सुंदर रचना' असंही लिहून ठेवलं होतं.

डेमो लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याकडे होता. शेठनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'चलान छापले'. प्रिंटर गप्प.

"छापलं म्हन्ते हे. कागद कुठी हाय?"

पुन्हा दाबलं, पुन्हा 'छापले'. चौथ्यांदा दाबून झाल्यावर शेठ टेबलाखाली वाकले. प्रिंटरची वायर लोंबत होती.

"वा गा इंजिनियर! आमचा जावई बी असाच हाय. काही सांगा, झालं म्हन्ते."

बाहेर आल्यावर आमच्या टीम लीड मॅडमनी विचारलं, "काहून गा, ते ट्रू कोनाले देऊन राहिला होता तू?"

मी खरं ते सांगितलं. आमच्या शाळेत सर 'समजलं का?' म्हणाले की अख्खा वर्ग 'होऽऽ सर' ओरडायचा. ज्याला समजलं नाही तो सगळ्यात मोठ्याने, नाहीतर फळ्यापाशी उभं करत. क्लासलाही मी तेच वळण लावलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. "उद्या दुपारपर्यंत दोन क्लास पाहिजे मले. मंग पाहू तुयं."

दुसऱ्या दिवशी दोन लिहिले. पहिला उत्तर आणून देतो. दुसरा काहीच देत नाही, पण काम फसलं की बोंब मारतो. मॅडमनी स्वतः वायर काढून बटण दाबलं. लाल अक्षरांत 'प्रिंटर सापडत नाही'.

"आता बरोबर. पक्का नाही करत अजून, प्रोबेशन तीन महिने वाढवून राहिली तुयं."

काढलं नाही, एवढ्यावरच मी तीनदा धन्यवाद म्हणालो.

"आभार कायचे मानून राहिला गा? क्लास तपासणाऱ्या टेस्ट लिही."