पहाऱ्यातले वायफाय

मी पुरुषोत्तम गणपतराव ढोले, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार पिपरी मेघे. शिक्षण शाळेत सातवीपर्यंत आणि पुढे ग्रंथालयात. जिथे माणसांवर नजर ठेवली जाते, तिथे किस्से आपोआप साठतात. कारण धास्तावलेला माणूस साधे कामही साधेपणाने करीत नाही.

छापील अक्षर मला आता दिसत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने बाहेरचा वाचक म्हणून मला वायफायचे खाते दिले आहे. त्यावरून पुस्तक माझ्या स्वतःच्या टॅब्लेटवर उतरवायचे, अक्षर बोटाएवढे करायचे आणि वाचायचे. खाते गेले, तर माझे वाचनच संपले. म्हणून सूचनाफलकावरची ‘वायफायच्या वापरावर देखरेख सुरू, गैरवाजवी वापर आढळल्यास खाते बंद’ ही सूचना मला वाचून दाखवण्यात आली, तेव्हा मी ती आणखी एकदा वाचायला लावली.

*

पहिल्याच आठवड्यात इतिहासाचे एक प्राध्यापक क्रिकेटचा सामना लावून मोबाईल टेबलावर पालथा ठेवू लागले. देखरेख करणारे राऊत तिथून जाताना हळूच म्हणाले, “सर, पालथा ठेवला तरी आमाले दिसते.”

*

ग्रंथालयातील सेविका सुनंदाबाई दुपारच्या सुट्टीत मालिका पाहत. त्यांनी नवाच उपाय काढला. मला म्हणाल्या, “मालिका झाली का त्याच्यावर एक भाषण लावून देते, काकाजी. साहेबाले वाटलं पाहिजे, बाई अभ्यास करून राह्यली.”

त्यांचा वापर दुप्पट झाला आणि पहिले बोलावणे त्यांनाच आले.

*

माझी काळजी मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर माझे जुने स्नेही वानखेडे गुरुजी यांना सांगितली. ते हसले. “तुमच्यासारख्या म्हाताऱ्यावर कोन नजर ठेवते, ढोले?”

मला हायसे वाटले आणि थोडा अपमानही वाटला. दुसऱ्या दिवशी राऊतांचा निरोप आला.

*

राऊतांच्या खोलीत पडद्यावर माझे नाव लाल अक्षरांत होते. त्यांनी मला बसायला सांगितले नाही.

“काकाजी, एकच शब्दकोश तुमच्या नावावर रोज सकाळी पूर्ण उतरते. मानूस असं नाई करत. कोनी मशीन तं नाई लावली?”

मी म्हणालो, “तो मीच उतरवतो.”

“मंग कालचा कुठं गेला?”

“सायंकाळी परत केला.”

मी खुलासा केला. ग्रंथालय बंद होण्यापूर्वी पुस्तक जागेवर गेले पाहिजे, हा नियम मी आयुष्यभर पाळला आहे. म्हणून घरी निघताना मी ते टॅब्लेटमधून काढून टाकतो. दुसऱ्या वाचकाचा खोळंबा होऊ नये.

राऊतांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. म्हणाले, “काकाजी, इथं कोनीच काई परत करत नाई.”

माझे खाते सुरू राहिले. शब्दकोश आता टॅब्लेटमध्येच असतो. टॅब्लेट मात्र मी रोज सायंकाळी ग्रंथालयात जमा करून घरी जातो.