तुळसाच्या पाठीचा फोटो

वरळी कोळीवाड्यातली तुळसा तीन वर्षं कंबर धरून उठत होती, पण मासळीची पाटी तिनं कधी सोडली नव्हती. शिवाजी पार्काकडे तिची ठरलेली बावीस घरं. भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' रंगवलेल्या गल्लीत तिची हाळी आली की बायका ताटं घेऊन जिन्यात उभ्या. मग नवऱ्याच्या हट्टापायी तिनं एक्सरे काढला, आणि पाटी खाली आली.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून घाईत म्हणाले, "मणके झिजलेत, कडांना गाठी आल्यात." तुळसानं ऐकलं ते एवढंच, की आता कणा मोडणार.

फोटो तिनं खिडकीत टांगला. येईल तो बघून हळहळू लागला. तीही दिवसभर बघत बसे. गाठ न् गाठ तिला पाठ झाली. पंधरवड्यानं शेजारची चंपा दारात आली.

"तुजी घरं मी बघू काय गो? सोमवारपासून?"

तुळसाची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या पाटीकडे गेली. एकदा गेलेली घरं परत येत नाहीत.

शनिवारी तिची सत्तरीची सासू, सुंदराबाई, होडीच्या फळीवरून घसरली. तुळसानं तिला त्याच दवाखान्यात नेलं. फोटो बघताना डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"आजी, हाड मोडलेलं नाही. पण पाठ किती वर्षं दुखतेय?"

"पाठ? ती कुठं असते रे बाबा? मना कधी भेटली नाय."

तुळसा पुढं सरकली. सासूच्या मणक्यांवर तिच्या दुप्पट गाठी होत्या.

"डॉक्टर, हिचा माझ्याहून वाईट. मग दुखतं मनाच कसं?"

डॉक्टर ओशाळून हसले. "केस पिकतात तसे मणके झिजतात. फोटोत झीज दिसते, दुखणं दिसत नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"म्हणजे मोडणार नाय?"

"नाही. हिंडत राहा. पाटी आधी अर्धीच भरा."

"अगो," सुंदराबाई म्हणाली, "रोज वाकटी कापतेस ना? मोठ्या वाकटीच्या काट्याला गाठी नसतात? मग ती काय दर्यात खाट टाकून निजते?"

तुळसा इतकी हसली, की कमरेत कळ आली. ती कळ धरूनच ती हसत राहिली.

सोमवारी चंपा पाटी भरून तयार होती.

"काय गो, कणा कसा हाय?"

"जागच्या जागी हाय. तू आपली तुज्या माहीमच्या घरांना जा."

अर्धी पाटी दहा घरांतच संपली. उरलेल्या बारा घरांना "उद्या तुमची पाळी" असं सांगून तुळसा दुपारी परतली. कंबर ठणकत होती. खिडकीत तिच्या फोटोच्या जागी सासूचा फोटो टांगलेला होता आणि सुंदराबाई वाटेवरच्या बायकांना थांबवून दाखवत होती, "ह्यो माजा. सुनेच्या गाठी काय, अजून बारीक हायत."