हिरव्या पट्टीखालचं ‘नाही’

कुणी नाव सांगितलं की अक्का आधी त्याची रुंदी सांगत. “वेंकटरमणप्पा? दोन ओळी लागतील.” “शिवलिंगव्वा? अक्षरं थोडी, पण वेलांट्या बघा की किती.” समोरचा माणूस गोंधळून जाई. मी मुलाखतीला गेले तेव्हा पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, “नाव?” मी म्हटलं, “उमा.” “बारीक आहे. कुठंही बसेल,” असं म्हणून त्या कामाला लागल्या. मला वाटलं, नोकरी गेली. संध्याकाळी मालकांनी सांगितलं की अक्कांनी होकार दिला आहे.

अक्कांचं घराणं मूळचं सांगलीकडचं. तीन पिढ्या हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. नव्वदच्या दशकात दुकानात कॉम्प्युटर आला तो भावांसाठी, पण त्याच्यापुढे ठाण मांडलं ते धारवाडला गणित शिकलेल्या या बहिणीनं. बिलाचा कागद अरुंद, साड्यांची नावं लांब. ‘इरकल टोपपदर मोठा काठ’ असं घातलं की ‘काठ’ कागदाबाहेर जाई. अक्कांनी एक प्रोग्राम लिहिला. तो आधी नाव मोजी, मग किती ओळी लागतील ते ठरवी आणि खालचं सगळं तेवढं खाली सरकवी. पेठेतल्या इतर दुकानदारांनीही तो मागून नेला. अक्का म्हणत, “मजकूर पाव्हणा असतो. त्यानं अंग चोरून बसायचं नाही, आपण सरकायचं.”

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी मी त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा त्या दुकान सोडून नोकरीला लागल्या होत्या आणि आमचं ऑफिस हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरात एका घराच्या माडीवर होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. मोबाइल फोनवर चालणारे छोटे प्रोग्राम आम्ही करायचो. आता त्यांना ॲप म्हणतात, तेव्हा ते काय असतं हे घरी समजावताना माझी दमछाक व्हायची. फोन बटणांचे, पडदे काड्यापेटीएवढे, आणि प्रत्येक कंपनीचा पडदा निराळ्या मापाचा. इंग्रजी अक्षरं रांगेत मुकाट उभी राहतात. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार. चौकट जरा आखूड पडली की ‘के’चा ‘क’ होतो. अक्का खणातले सगळे फोन टेबलावर मांडत आणि एकच वाक्य प्रत्येकावर उघडून बघत. मजकूर मावला नाही तर शेवटी तीन टिंबं द्यायची तेव्हा पद्धत होती. मी एकदा तशी दिली. अक्का म्हणाल्या, “टिंबं दिली म्हणजे आपण हात वर केले. वाचणाऱ्यानं काय करायचं?”

रागावल्या तर त्या कन्नडमध्ये रागावत आणि समजूत मराठीत घालत. डबा खाताना मात्र कामाचा शब्द काढू देत नसत. त्यांना माणसांच्या गोष्टी हव्या असत, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरी भांडण झालं.

मग दूध संकलन केंद्रांचं काम आलं. गावोगावच्या केंद्रांवर एकेक फोन द्यायचा आणि जनावराचं दुखणं निवडलं की त्यावर औषध, प्रमाण आणि पथ्य दिसायचं, कन्नडमध्ये किंवा मराठीत. कन्नडची बाजू माझ्याकडे होती, मराठीची अक्कांकडे. केंद्रवाल्यांची एक अट होती. पडद्याच्या तळाशी हिरवी पट्टी हवी, तिच्यावर ‘पुढे’ असं लिहिलेलं हवं, आणि ती कधी हलता कामा नये, कारण नवख्या माणसाला ती एकाच जागी सापडते. अक्कांना ते फारसं पटलं नव्हतं. पण ठरलेल्या फोनवर सगळी वाक्यं पट्टीच्या वर नीट बसत होती, म्हणून त्यांनी पट्टी तिथंच पक्की केली.

काम देऊन काही आठवडे झाले असतील. एका सकाळी अण्णांना केंद्राच्या डॉक्टरांचा फोन आला. अण्णा नुसतं “हूं, हूं” करत होते. फोन ठेवून ते म्हणाले, “अळणावरकडं एका गावात गाभण म्हैस गेली. आधी गाभ पडला, मग म्हैस. जंताचं औषध आपल्या फोनवर बघून पाजलं म्हणतात.”

“शक्य नाही,” अक्का म्हणाल्या. “ते गाभण जनावराला चालत नाही. मी स्वतः लिहिलंय.” त्यांनी वाक्य काढून दाखवलं. ‘गाभण म्हशीला चालणार नाही.’ खणातल्या प्रत्येक फोनवर ते तसंच होतं.

तेवढ्यात अण्णा आतून एक खोकं घेऊन आले. केंद्रवाल्यांनी ऐनवेळी स्वस्तातले, लहान पडद्याचे फोन घेतले होते. त्यातला एक काही न कळवता आमच्याकडे पाठवला होता आणि कुणी उघडलाच नव्हता. अक्कांनी तो सुरू केला, मराठी निवडली, दुखणं निवडलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते.

‘गाभण म्हशीला चालणार’

खाली हिरवी पट्टी. ‘पुढे’.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी खुर्ची ओढून बसले. ‘नाही’ कुठं गेलं नव्हतं. पडदा अरुंद म्हणून ते दुसऱ्या ओळीवर उतरलं होतं, आणि ती ओळ पट्टीच्या मागे होती. माझ्या कन्नडमध्ये ‘कोडबेडी’, देऊ नका, हा एकच शब्द. नकार त्याच्या पोटातच असतो. मराठीत ‘नाही’ सुटं, वाक्याच्या टोकाला. ते झाकलं गेलं तरी उरलेलं वाक्य धडधाकट उभं होतं आणि नेमकं उलटं सांगत होतं. अक्का अंगठ्यानं ती हिरवी पट्टी पुसत राहिल्या, काचेवरचा डाग पुसावा तशी.

“फोन त्यांनी बदलले, आपल्याला सांगितलंसुद्धा नाही,” अण्णा म्हणाले. “आणि औषधानंच गेली अशी डॉक्टरांनाही खात्री नाही. आपण कशाला अंगावर घ्यायचं?”

“डॉक्टरांना नसू दे खात्री. आपण ‘चालणार’ म्हणालो की नाही?”

अण्णा खोक्याचं झाकण लावू लागले.

“आणि पुढच्या महिन्यात हाच पडदा कुठं जाणार आहे, अण्णा?”

ते मला ठाऊक होतं. गावातल्या आरोग्यसेविकांकडे. जनावरांच्या जागी माणसं येणार होती. गरोदर बायकांना कुठली गोळी चालते आणि कुठली नाही, याची वाक्यं अक्कांनी त्याच आठवड्यात लिहायला घेतली होती. इतका वेळ आम्ही म्हशीबद्दल बोलत होतो.

त्या दिवशी अक्कांनी एकेका केंद्राला स्वतः फोन लावला. “फोनवर वाचून औषध देऊ नका. आमचं चुकलंय.” कन्नड केंद्राला कन्नडमध्ये, मराठी केंद्राला मराठीत. अण्णा खुणा करत होते की ‘चुकलंय’ म्हणू नका. अक्कांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अळणावरच्या गाडीत बसलो. पुढे बसनं गाव गाठलं. म्हैस पारव्वाची होती. पन्नाशीची बाई, शेतात राबून काळवंडलेली. सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून केंद्राचा फोन तिच्याकडेच असे. आसपासच्या बायका दुखणं घेऊन तिच्याकडे येत आणि ती वाचून सांगे. तिनं आम्हाला आधी चहा दिला. अक्कांनी कप बाजूला ठेवला.

“बाई, फोनमधला मजकूर मी बसवलाय. ‘चालणार नाही’ असं होतं. ‘नाही’ या पट्टीमागं गेलं. दोष माझा आहे, तुमचा नाही.”

पारव्वानं फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. ती आरडाओरडा करेल, रडेल, आम्हाला हाकलून देईल, अशी मनाची तयारी करून मी गेले होते. ती शांतपणे बोलली.

“मी फिरून फिरून वाचलं बाई. शेजारीण म्हणत होती, डॉक्टरला इचार. मी म्हटलं, कशाला, हे काय लिव्हलंय की. मला वाचाय येत नसतं तर इचारलं असतं.” मग तिनं फोन पालथा करून अक्कांच्या पुढ्यात ठेवला. “आता मी काय वाचत न्हाई.”

परतीच्या गाडीत अक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. धारवाड आलं, नवनगर मागे पडलं.

पुढचे दिवस त्यांनी तो प्रोग्राम मुळापासून उसवला. आता मजकूर वाढला की पट्टी खाली सरके, आणि पडद्याबाहेर एक अक्षर जरी राहिलं तरी ते वाचल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. प्रत्येक केंद्रावर जाऊन तो नवा प्रोग्राम आम्ही आमच्या हातांनी फोनमध्ये घातला. आणि सगळं चोख झाल्यावर अक्कांनी नोकरी सोडली.

अण्णांना ते खरंच वाटेना. “अक्का, एका म्हशीसाठी?”

“म्हशीसाठी नाही, अण्णा. त्या बाईनं वाचणं सोडलं.”

त्या पुन्हा भावाच्या दुकानात बसू लागल्या. मी पुण्याला गेले. अधूनमधून फोन करी. त्या माझ्या कामाचं विचारत, त्या दिवसांचं कधी नाही. आज माझ्या हाताखालची मुलं कंटाळतात, पण सर्वांत लहान पडद्यावर, सर्वांत मोठ्या अक्षरांत, मराठीतली नकाराची वाक्यं मी स्वतः वाचून बघते.

दोन हजार सालानंतरचं पहिलं दशक संपत आलं असताना अक्का गेल्याचं कळलं. थोड्या दिवसांचं आजारपण, मला कुणी कळवलंही नव्हतं. हुबळीत केशवापूरच्या त्यांच्या घरी भेटायला गेले तर सोप्यात भिंतीला टेकून पारव्वा बसलेली. मी दारातच थबकले. अक्कांचे भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, “ओळखतेस यांना? अक्का महिन्याला अळणावरला जायची. आम्हाला वाटायचं, देवाला जाते.”

मी पारव्वाजवळ जाऊन बसले. ती आपणहून सांगू लागली. “पहिल्यांदा आली तवा मी दार लावून घेतलं. पुन्ना आली ती पेपर घेऊन. काय बोलली न्हाई. उंबऱ्यावर बसून मोठ्यांदा वाचाय लागली, आन् मुद्दाम चुकीचं. पाऊस पडणार न्हाई म्हणून छापलेलं, हिनं पडणार म्हणून वाचलं. किती येळ ऐकून घेणार मी? बाहेर आले आन् तिच्या हातातला पेपर घेतला.” ती जरा थांबली. “मग दर खेपेला नवीन काय तरी आणायची. तिचं वाचणं काय शेवटपर्यंत सुधारलं न्हाई.” ती हसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

संध्याकाळी मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. मला वाटलं, गाडी कुठं लागते ते आपण बघून सांगावं. पण ती माझ्या पुढे चालत गेली, फलकापाशी थांबली, ओठ हलवत तिनं सगळं वाचलं. मग बाकावर बसलेल्या हमालाकडे गेली आणि विचारलं, “अळणावरची गाडी ह्याच फलाटावर येतीय न्हवं?”