दिल्लीला गेलेला अर्ज

कचेरीपुढच्या लिंबाखाली बसून मी वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. एवढे किस्से धाराशिवात दुसऱ्या कुठल्या झाडाखाली साठले नसतील. हसत सांगायला बसतो अन् सांगता सांगता डोकं फिरतं. आता राष्ट्रपतींचेच घ्या.

माझ्या शेजारी काझीचाचा बसायचे, निजामाच्या काळापासूनचे अर्जनवीस. राष्ट्रपतींना पहिला अर्ज लिहिला तेव्हा त्यांनी नुसत्या खिताबांनी अर्धा कागद भरला. कारकून म्हणाला, "चाचा, हे सगळं खोडा. ह्यांना नुसतं महोदय म्हणायचं."

चाचा म्हणाले, "खिताब न्हाई तर न्हाई. सुनवाई तरी होईल का?"

कारकून चहाला निघून गेला.

तेरखेड्याचा एक फटाके बनवणारा म्हातारा अर्ज लिहून घ्यायला आला. "राष्ट्रपती मानूस कसाय?"

मी म्हणालो, "लई शिकलेले, साधे, कुणाची बाजू न घेणारे."

"आन् राग येतो का त्येंला?"

"न्हाई हो. शांत आहेत."

"मग ऱ्हाऊ द्या. बिनवातीचा फटाका कोन घेतंय?" म्हातारा अर्ज न लिहिताच गेला.

बेंबळीकडच्या एका वाडीची सरूबाई मात्र थांबली. तिच्या गावच्या सरकारी विहिरीला पाटलानं कुलूप घातलं होतं. पाणी त्याच्या उसाला, अन् बाया कोसभर लांब ओढ्यावर. तिची सून सहाव्या महिन्यात भरल्या घागरीसकट पडली. मूल गेलं. तलाठी येऊन गेला, तहसीलचा माणूस येऊन गेला. दोघंही पाटलाच्या ओसरीवर चहा पिऊन परतले.

"आता सगळ्यात वरच्याला लिवा," सरूबाई म्हणाली. "दुसरी सून बी पोटुशी हाय माजी."

मी लिहायला घेतलं. तेवढ्यात एक वकीलसाहेब आले अन् समजावू लागले, "राष्ट्रपतींचा मोठेपणा संयमात असतो. ते परस्पर काही करत नसतात."

मी भडकलो. "साहेब, तुमच्या घरी पाणी गडी भरतो. संयम तुम्हाला परवडतो."

अर्ज दिल्लीला गेला. दिल्लीनं मुंबईला पाठवला, मुंबईनं औरंगाबादला, तिथून कलेक्टर, मग तहसील. प्रत्येकानं एकच शेरा मारला, योग्य त्या कार्यवाहीसाठी. शेवटी तहसीलनं तो गावात चौकशीला दिला. कुणाकडं? पाटलाकडं. आग लागो त्या शेऱ्याला, आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पाटलानं सरूबाईला ओसरीखाली उभं केलं, तिचाच अर्ज तिला वाचून दाखवला, अन् 'विहीर सर्वांस खुली आहे' असं लिहून खाली तिचाच अंगठा घेतला.

हे सगळं सांगून ती लिंबाखाली बसली. रडली न्हाई.

"आनखी एक अर्ज लिवा."

"आता कुणाला?"

"पाटलाला."

"त्याला काय लिहू, सरूबाई?"

"लिवा, दिल्लीत एक राष्ट्रपती हाय. जमलं तर त्येची चौकशी करा."

काझीचाचांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला, दौत जवळ केली अन् पाटलाच्या नावाआधी, अर्धा कागद भरून, सगळे खिताब लिहिले.