नावेतली दुसरी फळी

भिवपुरीला समुद्र नाही. वीजघरातून सुटलेलं पाणी आहे, पण त्यात म्हशी डुंबतात. तरीही विष्णूकाकांनी रिटायर व्हायच्या वर्षी करंजा बंदरातून एक जुनी शिडाची नाव विकत घेतली, टेंपोने कॉलनीत आणली आणि आंब्याखाली विटांवर चढवली.

काका वीजघरात फिटर. नोकरी संपली की क्वार्टर सोडायची, आणि कर्जतला भाड्याने राहायचं तर पेन्शन घरमालकाची. "नावेतच राहायचं. खाडीत भाडं नाही, वाऱ्याला बिल नाही," काका म्हणाले. उमाकाकू एवढंच बोलल्या, "मला पोहता येत नाही. पण तुम्ही जिथे, तिथे मी." घोटाळा इथेच झाला.

शीड मांडववाल्याच्या जुन्या कापडाचं. उलगडलं की एका कोपऱ्यात 'शुभविवाह' दिसायचं. स्टोव्ह कुणीतरी टाकून दिलेला. नांगर आला तेव्हा टेंपोवाला गजा म्हणाला, "काका, नांगर तर आनला, बैल कुटं हायेत?"

सराव म्हणून काका नावेतच झोपायला लागले. जन्मभर टर्बाइनची घरघर ऐकलेला माणूस तिथे गाढ झोपायचा. एकटा. ती झोप त्यांना इतकी आवडली की एक दिवस त्यांनी समोरची, म्हणजे काकूंची, झोपायची फळी काढली आणि तिथे पाण्याचे कॅन रचले. शेजारचा मी मदतीला रंगाचा डबा धरून उभा होतो. "गोडं पाणी लागतंच रे, मिहीर," ते म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

फळी सागवानी. फेकवेना. काकांनी ती स्वयंपाकघरात भिंतीला ठोकून दिली. काकू लग्न झाल्यापासून फळी मागत होत्या. त्यांनी त्यावर डबे मांडले आणि शेजारणींना बोलावून दाखवले. त्या दिवसापासून काका ताट घेऊन बाहेरच्या ओट्यावर जेवायला बसू लागले. आत उकडतं म्हणे. डिसेंबरात.

मग त्यांनी मला नावेवर 'उमा' लिहायला सांगितलं. लिहिलं. दुसऱ्या बाजूलाही लिही म्हणाले. अक्षरं जरा मोठी काढ म्हणाले.

इकडे काकू संसार आवरत होत्या. मोठी पातेली वाडीवरून कामाला येणाऱ्या चिंधीला दिली. रोज एकेक वस्तू हातात धरून विचारायच्या, "अहो, तिथे हे लागेल का आपल्याला?" काका "नको" म्हणायचे. दर वेळी आवाज आणखी बारीक.

नाव रेवसच्या खाडीत न्यायला गजा टेंपो घेऊन आला, त्या सकाळी काकू पहिल्यांदाच स्टुलावर चढून आत डोकावल्या. हातात दोन ताटं, दोन वाट्या.

"अहो, मी कुठे झोपायचं?"

काका दोरीला गाठ मारत होते. मारलेली गाठ सोडून त्यांनी पुन्हा मारली. "अगं, पाणी ठेवायला... आणि तुला पाण्याची भीती... खोपोलीला प्रणिताकडे राहिलीस तर... लेकीलाही बरं..."

काकूंनी बाहेर रंगवलेलं नाव वाचलं. "म्हणजे नावावर मी, आणि नावेत कॅन."

गजा हसला. कुणीच हसलं नाही म्हणून गप्प झाला.

काकू घरात गेल्या. आतून डबे खाली ठेवल्याचे आवाज येत राहिले. काका जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने काकू ती फळी काखेत धरून बाहेर आल्या.

"बोल्टची भोकं आहेत हिला. फिटरची बायको आहे मी, मला कळत नाही होय? पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, तुम्ही सांगाल. रोज विचारत होते ना, लागेल का, लागेल का."

काकांनी हातातली दोरी खाली ठेवली.

"आता बसवा."

टर्बाइनचे बोल्ट आवळलेला तो माणूस. पण त्या दिवशी त्यांच्या हातून बोल्ट आट्यात बसेना. पाना मी धरला. निम्मे कॅन आंब्याखाली राहिले.

गेल्या महिन्यात रेवसला जाऊन आलो. काकू नावेत आपल्या फळीवर मेथी निवडत बसल्या होत्या. निम्म्या कॅनांमुळे पाणी मोजकंच, तरी मला तांब्याभर मिळालं, काकूंनी स्वतःलाही पेलाभर घेतलं.

"काका, तुम्ही?"

"मला तहान नाही रे."

"त्यांना त्या दिवसापासून तहानच लागत नाही," काकू म्हणाल्या आणि आपला अर्धा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "प्या हो. बसलीय ना आता फळी."

काका प्यायले. आमच्या दोघांकडेही न बघता, खाडीकडे तोंड करून.